एडिट केलेला व्हिडिओ धुरकट का होतो?

निकाहचा किंवा शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ मोबाइलवर स्वच्छ दिसतो, पण एडिट करून बाहेर काढला की चेहरे धुरकट होतात. मग आपण सॉफ्टवेअरला दोष देतो. खरं तर बहुतेक वेळा चूक एडिटिंगच्या आधी किंवा नंतर झालेली असते.

मूळ फाइलच घ्या
व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की अॅप तो दाबून लहान करतं. त्यात गेलेले बारकावे कुठलंही सॉफ्टवेअर जसेच्या तसे परत आणू शकत नाही. म्हणून ज्यानं शूटिंग केलं, त्याच्याकडून फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर केबल लावून थेट कॉम्प्युटरवर घ्या.

सेटिंग जुळवा
शूटिंग फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० आणि सेकंदाला ३० फ्रेमचं असेल, तर प्रोजेक्टही तसाच ठेवा. ७२०चा व्हिडिओ ४के करून काढला तर फाइल फुगते, चित्र सुधारत नाही.

बिटरेट पाहा
बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी वापरलेला डेटा. फुल एचडी, ३० फ्रेमसाठी यूट्यूब ८ एमबीपीएस सुचवतं. हिशोब सोपा आहे: ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, म्हणून एका मिनिटाला साधारण ६० एमबी आणि दहा मिनिटांना ६०० एमबी. दहा मिनिटांची फाइल ५० एमबीचीच निघाली, तर चित्र धुरकट होणारच.

काही बदल राहिला, तर बाहेर काढलेला व्हिडिओ पुन्हा एडिट करू नका. मूळ प्रोजेक्ट उघडून त्यात दुरुस्ती करा. दर वेळी दाबलं गेलं की दर्जा थोडा घसरतोच.

आवाज जपा
माणूस बोलत असताना मागचा आवाज कमी ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज नंतर नीट करणं फार अवघड असतं.

यासाठी पैसे लागतातच असं नाही. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, शॉटकट आणि केडेनलाइव्ह घरच्या कामाला पुरेसे आहेत.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: फोनमधली जागा भरली म्हणून मूळ फाइल पुसू नका. आधी ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, दोन्हीकडे उघडून पाहा, मगच फोन रिकामा करा. गॅदरिंग पुढच्या वर्षी परत होईल. दादीजाननं सांगितलेली गावाकडची आठवण पुन्हा रेकॉर्ड करायला मिळेलच असं नाही.