‘मले दिसन ना जी?’

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर तासभर बसलात, तर एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून चार-पाचदा कानावर येतो. तीन वर्षांपूर्वी अम्मीला घेऊन मी असाच बसलो होतो. आमच्या आधी आर्वीकडचे एक म्हातारबुवा होते. धोतर, डोक्याला शेला, हातात काठी. डॉक्टरीणबाई समोर येताच त्यांनी विचारलं, “बाई, आपरेशन केल्यावर मले दिसन ना जी?”

मला वाटलं, बाई म्हणतील, “दिसेल की आजोबा, घाबरू नका.” त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी खोलीतला दिवा घालवला आणि खिशातून बॅटरी काढली.

मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. डोळ्यांविषयी मी आजवर जे लिहिलं ते सगळं उपमेतलं. पण अम्मीच्या निमित्ताने त्या अंधाऱ्या खोलीत पाचसहा वेळा जाणं झालं आणि शस्त्रक्रियेआधीच ‘किती दिसेल’ हे डॉक्टर कसं ताडतात, ते जवळून पाहायला मिळालं. तेच आज सांगायचं आहे.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते थोडक्यात. बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असतं. वयाबरोबर ते गढूळ होतं. मोतीबिंदू तो एवढाच. जुने हकीम त्याला ‘नुजूल-उल-मा’ म्हणत, म्हणजे पाणी उतरणं. डोळ्यात वरून पाणी उतरून पडदा होतो, अशी समजूत होती. इंग्रजीतल्या ‘कॅटरॅक्ट’ या शब्दाचाही एक अर्थ धबधबाच. आपल्या मराठीने मात्र त्यात मोती पाहिला. एवढं देखणं नाव दुसऱ्या कुठल्या आजाराला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

बाईंनी मला समजावलं ते खिडकीच्या उदाहरणाने. “भाऊ, खिडकीची काच धुरकट झाली, तर आम्ही ती बदलून देतो. पण खोलीत काय आहे, ते काच बदलेपर्यंत नीट दिसत नाही. खोलीत सामान जागेवर असेल तर छान. भिंतच पडलेली असेल, तर नवी काच काय करणार?” खोली म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा आणि त्या पडद्यावरचं चित्र मेंदूकडे नेणारी नस. पडदा मधुमेहाने खराब झालेला असू शकतो, नस काचबिंदूने सुकलेली असू शकते. कुणाचा डोळा लहानपणापासून तिरळा असतो. असा डोळा पाहायचंच शिकलेला नसतो, त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. मोतीबिंदू काढला तरी यातलं काही निघून जात नाही.

म्हणजे प्रश्न असा, की गढूळ काचेतून खोलीतलं ओळखायचं कसं?

इथे ती बॅटरी कामाला येते. मोतीबिंदू कितीही पिकलेला असो, बाहुली पांढरी झालेली असो, उजेड आहे की नाही आणि तो कोणत्या बाजूने येतो आहे, एवढं रुग्णाला कळायलाच हवं. गढूळ काच चित्र अडवते, उजेड पूर्ण अडवत नाही. म्हणून डॉक्टर दुसरा डोळा झाकून वरून, खालून, कानाकडून, नाकाकडून बॅटरी धरतात आणि विचारतात, “बोट करून दाखवा, उजेड कुठे?” एखाद्या बाजूला बोट चुकलं, तर पडद्याला किंवा नशेला काहीतरी झालेलं असण्याची शक्यता असते.

दुसरी खूण बाहुलीची. उजेड पडला की बाहुली आकसते. मोतीबिंदूने ही हालचाल बिघडत नाही, नस बिघडली तर बिघडते. बॅटरी एका डोळ्यावरून झटकन दुसऱ्यावर नेली आणि तिथली बाहुली आकसण्याऐवजी पसरू लागली, तर डॉक्टर सावध होतात. ही युक्ती आजची वाटते, पण तिचं मूळ फार जुनं आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं, की एक डोळा मिटल्यावर दुसऱ्याची बाहुली मोठी होते की नाही ते पाहावं. होत नसेल, तर मोतीबिंदू सारून उपयोग नाही. त्या काळी मोतीबिंदू काढत नसत, सळईने बाजूला सारत. आपल्या सुश्रुतसंहितेतही ती कृती आहे. म्हणजे माणसाने मोतीबिंदूला हात घातला, तेव्हापासून ‘दिसेल का’ हा प्रश्न त्याच्या मागे लागलेला आहे.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडली. अम्मीला डोळे मिटायला सांगून बाईंनी पापणीवर बॅटरी टेकवली आणि हळूहळू हलवली. “काय दिसतं?” अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सूखे झाड की डालियाँ.” वाळलेल्या झाडाच्या फांद्या! त्या फांद्या म्हणजे तिच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या होत्या. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने याचं वर्णन केलं. फांद्या दिसल्या, म्हणजे मागचा पडदा बराचसा जागा आहे असं धरता येतं. दिसल्या नाहीत म्हणून लगेच निराश व्हायचं कारण नाही, कारण पुष्कळांना हे नेमकं सांगता येत नाही.

यंत्रंही आहेत. अक्षरांचा तक्ता बारीक किरणातून, भिंगातल्या कमी गढूळ फटीतून थेट पडद्यावर टाकणारं यंत्र आहे. लेझरच्या रेघा आत पाडून रुग्णाला त्या मोजता येतात का, हे पाहणारं आहे. पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी नावाची तपासणी आहे. पण गंमत अशी, की या सगळ्यांना आत शिरायला थोडी तरी वाट लागते. मोतीबिंदू कच्चा असेल तर ती मिळते. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातला म्हातारा माणूस दवाखान्यात येतो कधी? आधी कापसाची वेचणी, मग तूर, मग नातीचं लग्न. सोबत यायला कुणी मोकळं नसतं. तो येतो तेव्हा मोतीबिंदू पार पिकलेला असतो. मग लाखांची यंत्रं बाजूला राहतात आणि खिशातली बॅटरीच उपयोगी पडते. सोबतीला सोनोग्राफी असते, कारण आवाजाच्या लहरींना उजेडाची वाट लागत नाही. पडदा जागेवर आहे की सुटला आहे, एवढं ती सांगते. तो किती काम करतो, हे तिला सांगता येत नाही.

म्हणूनच आपल्याकडे गावात जाऊन डोळे तपासण्याला महत्त्व आलं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय कस्तुरबांच्या निधनानंतर, १९४४ नंतरच्या त्या काळात उभं राहिलं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तिथे वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, घरोघरी जाते. ओसरीत बसलेल्या आजीला नीट दिसत नाही, हे दवाखान्याला आधी कळतं ते अशा वाटेने. लवकर कळलं की मोतीबिंदू कच्चा असतानाच मागचा पडदा पाहून घेता येतो आणि अंदाज पक्का होतो.

अंदाजाचा दुसरा भाग आकडेमोडीचा आहे. माझ्या आजोबांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा घालून ते फिरत आणि पायरी चुकत. भिंग आत बसवण्याचं काम लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली सुरू केलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात शिरलेले विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आता ते भिंग किती नंबरचं बसवायचं, हे आधी काढावं लागतं. त्यासाठी डोळ्याची पुढून मागची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजतात. लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर. तिच्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. अनेकांची शस्त्रक्रिया उत्तम होते, तरी चष्मा न घेतल्यामुळे त्यांना धूसर दिसतं आणि ते म्हणतात, “आपरेशन बिघडलं.” साधं भिंग बहुधा लांबचं पाहण्यासाठी बसवतात. पोथी वाचायला किंवा तांदूळ निवडायला वेगळा चष्मा लागतोच.

आता अम्मीचं. तिचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. कापूस वेचताना पऱ्हाटीचं टोक लागलं आणि डोळ्यात फूल पडलं. उरला उजवा, आणि त्यात पिकलेला मोतीबिंदू. बाईंनी नाकाकडून बॅटरी धरली तेव्हा अम्मीचं बोट उठलंच नाही. डोळ्याचा दाब मोजला, तो वाढलेला निघाला. काचबिंदू होता. मोतीबिंदूच्या आड तो किती वर्षं बसला होता, कोण जाणे.

दाब उतरवण्याचे थेंब आधी सुरू झाले. मग बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. अम्मीने विचारलं, “बेटी, सुई में धागा डलेगा क्या?” ती उभ्या आयुष्यात गोधड्या शिवत आली होती. बाई म्हणाल्या, “चाची, माणसांचे चेहरे दिसतील. आपल्या हाताने ताट वाढून घ्याल, एकट्या अंगणात जाल. सुईचं मी सांगू शकत नाही. बहुतेक नाही.” मला राग आला होता, खरं सांगतो. एकुलता एक डोळा, आणि शस्त्रक्रियेच्या आधीच नाही म्हणायचं? पण अम्मी म्हणाली, चेहरे दिसले तरी पुष्कळ.

आमच्याच गल्लीतल्या एका काकांना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा डोळाही साधारण असाच होता आणि शस्त्रक्रियाही नीट झाली होती. पट्टी सुटल्यावर त्यांना माणसं दिसली, पेपर दिसला नाही. आपल्याला फसवलं, असं समजून ते घरात बसले. पुढे ते तपासणीला गेले नाहीत, थेंबही बंद केले. काचबिंदूला तेवढंच हवं होतं. दोन वर्षांत उरलं होतं तेही गेलं.

डॉक्टरांच्या हिशेबात सहा मीटरवरून, नेहमीच्या नजरेला अठरा मीटरवरून वाचता येणारी ओळ वाचता आली, म्हणजे ६/१८ किंवा त्याहून बरं दिसलं, तर निकाल चांगला धरतात. अम्मीचा डोळा त्यात बसला नाही. पट्टी सुटली तेव्हा तिने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी दाढी नीट केलेली नाही हे सगळ्यांसमोर सांगितलं.

आता ती सकाळी ओसरीत बसून तुरीच्या डाळीतले मोठे खडे काढते. थेंबांची वेळ तिला माझ्यापेक्षा पक्की माहीत आहे. गोधडीचे तुकडे तीच जुळवते, रंग सांगते. सुई मात्र नातीकडे देते.