पुड्याच्या पाठीवरचा मजकूर

ज्या वयात मुलाला अक्षरओळख होते, त्याच वयात दुकानातल्या रंगीत पुड्यांचा मोहही त्याच्या मनात घर करतो. म्हणून नव्याने लाभलेल्या वाचनविद्येचा उपयोग दर्शनी जाहिरातीऐवजी पाठीमागचा बारीक मजकूर वाचण्याकडे झाला, तर ती विद्या सार्थकी लागली असे म्हणावे.

या मजकुरात दोन दाखले असतात. पहिला घटकद्रव्यांचा: त्यांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावीत असा कायद्याचा दंडक असल्यामुळे, साखर आरंभीच आढळली तर तिचे प्राबल्य मुलाच्याही ध्यानात येते; मात्र ती ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनीही वावरते, हे त्याला सांगून ठेवावे. दुसरा दाखला पोषणमूल्यांचा, १०० ग्रॅम वा १०० मिलिलिटरच्या मापाने दिलेला; येथे शाळेतले त्रैराशिक कामी येते. समजा, ३०० मिलिलिटरच्या बाटलीवर १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅम साखर नोंदली आहे. म्हणजे एकूण ३३ ग्रॅम, अर्थात चहाचा चमचा सुमारे ४ ग्रॅमचा धरल्यास आठ चमच्यांहून अधिक! तेवढी साखर मुलाच्याच हातून वाटीत मोजून घ्यावी. जे उपदेशाने साधत नाही, ते त्या ढिगाच्या दर्शनाने साधते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास फर्मावले, ते योग्यच झाले. परंतु सणाच्या लाडवावरही मुलाने फिर्याद गुदरावी, हा यामागील हेतू नव्हे. आपण काय खातो याचा जमाखर्च त्याला स्वतः मांडता यावा, एवढेच इष्ट आहे.