ए ९९९९ नंतर काय?

वर्धा आरटीओची खूण एमएच ३२. ए मालिकेत ९९९९ हा क्रमांक देऊन झाला, की पुढची गाडी बी ०००१. हातचा आकड्यांतून अक्षरात गेला, एवढंच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला मात्र हे उमगत नाही. मजकुरात १ मिळवायला सांगितलं की तो चूक दाखवून थांबतो. '९' आणि '१' हे दोन्ही मजकूर म्हणून दिले, तर बेरीज ९१! पर्ल आणि रुबी या भाषांत मजकुराला एकाने पुढे सरकवण्याची सोय आहे. पायथनने ती ठेवली नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच. आकड्यांसारखा दिसणारा मजकूर म्हणजे संख्या नव्हे: वर्ध्याचा एसटीडी कोड ०७१५२ कुणी संख्या समजून साठवला, की सुरुवातीचं शून्य गेलंच.

मग आकड्यांसारखा वागणारा मजकूर हवा असेल, तर त्यासाठी लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोडचा संच, लिहायची: अधिक, उणे, लहान-मोठं यांचे अर्थ आपणच ठरवायचे. इथे सरळ हातचा चालत नाही. साध्या नियमाने ९९९९ नंतर ०००० येईल. पाटीवर तो क्रमांक नसतो. १ आणि ० शी घोटाळा नको म्हणून आय आणि ओ ही अक्षरं गाळली, तर एच नंतर थेट जे. उरली २४ अक्षरं. दोन अक्षरी मालिका ५७६, प्रत्येकीत ९,९९९ गाड्या, म्हणजे ५७,५९,४२४. शब्दकोशाच्या क्रमाने लावलं तर एए ही मालिका बी च्या आधी येते, आरटीओच्या क्रमाने झेड संपल्यावर. लायब्ररीला हेही शिकवावं लागतं.

खरी कसरत अशी जुनी लायब्ररी नव्या पायथनवर नेताना होते. पायथन २ मध्ये संख्या आणि मजकूर यांची तुलना बिनबोभाट व्हायची, आणि १००० हा आकडा '५' या मजकुरापेक्षा लहान ठरायचा! २००८ साली आलेल्या पायथन ३ ने ते बंद केलं. दुसरा बदल अधिक छुपा. 'समान' म्हणजे काय हे नव्याने सांगितलं आणि त्याला जुळणारा हॅश, म्हणजे वस्तू पटकन शोधायचा सांकेतिक आकडा, द्यायचा राहिला, तर पायथन २ जुनाच हॅश वापरत राही. दोन पाट्या समान ठरूनही नोंद सापडत नसे. पायथन ३ अशी पाटी नोंदवहीची (डिक्शनरीची) किल्ली म्हणून घेतच नाही. प्रोग्राम तिथेच अडतो, आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते निदान कळतं.