एका क्रियापदाचे गोत्र

जुन्या इंग्रजीचे व्याकरण चाळीत असता 'वेओर्थान' या क्रियापदापाशी मी अडखळलो. अर्थ साधा: होणे, बनणे. रूपे मात्र चमत्कारिक. 'तो झाला' यासाठी 'वेआर्थ', पण 'ते झाले' म्हणायचे तर 'वुर्दोन'. एकाच धातूत कुठे 'थ', कुठे 'द', असे का?

याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार मूळच्या 'त'चा जर्मानिक भाषांत 'थिंक'मधल्यासारखा 'थ' होतो. मग 'द' हा अपवादच ठरतो. त्याचे कोडे १८७५ साली कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडिताने सोडविले, आणि मौज अशी की, किल्ली सापडली ती वैदिक संस्कृतात! 'वेओर्थान'चा तेथील भाऊबंद म्हणजे 'वृत्' धातू. 'ववर्त' या एकवचनी रूपात उदात्त स्वर धातूवर असतो. 'ववृतिम' या अनेकवचनी रूपात तो शेवटी, प्रत्ययावर जातो. जर्मानिकमध्येही आघात धातूवर होता तेथे 'थ' टिकला. तो प्रत्ययावर होता तेथे 'थ' मृदू होऊन अखेर 'द' झाला. पुढे जर्मानिक भाषांत आघात शब्दारंभी स्थिरावला. कारण पुसले गेले, परिणाम तेवढा उरला.

इंग्रजीच्या व्यवहारातून हे क्रियापद नाहीसे झाले. जर्मनमध्ये 'वेर्डेन' या रूपाने ते आजही नांदते आहे. आपल्या 'वर्तन', 'वर्तमान' या शब्दांतही तोच धातू आहे.

व्याकरणातले अपवाद आपण परीक्षेपुरते घोकतो. पण अपवाद म्हणजे पुष्कळदा विस्मृतीत गेलेला नियमच असतो, हे मला या एका क्रियापदाने शिकविले.