दरडीतले गोटे काय सांगतात

रस्ता रुंद करताना टेकाड कापलं की उभ्या दरडीत कधी कधी गोल गोट्यांचा पट्टा उघडा पडतो. वर माती, खाली काळा पाषाण, मधे हे गोटे. पाहणारे त्याला मुरूम समजतात. पण मुरूम म्हणजे जागच्या जागी कुजलेला बेसाल्ट, त्यात वाळू आणि गोटे यांचे थर नसतात. हे गोटे दुरून गडगडत आले, वाटेत घासून गोल झाले. तिथून एकेकाळी नदी वाहत होती.

मग नदी आज इतकी खाली कशी? कुणी म्हणतं समुद्र होता, कुणी म्हणतं महापूर आला असेल. दोन्ही नाही. नदीने नंतर आपलं पात्र खोल कोरलं आणि जुना तळ उंचावर राहिला. चपटे गोटे बारकाईने पाहा: ते कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांचा उतार प्रवाह जिकडून येत होता त्या बाजूला असतो. एवढ्यावरून लुप्त नदीची दिशा कळते. गोटे आणि बारीक गाळ यांचे थर आलटून पालटून दिसले, तर ते एका पुराचं काम नव्हे.

थर कठीण लागला म्हणून तो माणसाने केलेला गिलावा ठरत नाही. भूजलातला विरघळलेला चुना फटींत साचून गोटे घट्ट बांधतो. प्रवरेच्या काठी नेवाशाला असे थर आहेत. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी तिथे खालच्या थरातून बेसाल्टच्या हातकुऱ्हाडी आणि वरच्या थरातून गारगोटीजातीच्या दगडांची लहान हत्यारं नोंदवली. नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनाकिया यांना आदिमानवाची कवटी मिळाली, तीही अशाच गोट्यांच्या थरात.

सर्वांत चिवट गैरसमज वयाचा. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणून त्याचे गोटेही तितकेच जुने, हे खरं. पण थर साचला तो फार नंतर, काही हजार ते काही लाख वर्षांपूर्वी. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली. अशा राखेवरून थराचं वय काढता येतं, पण तिच्या वयावर अभ्यासक आजही वाद घालतात: सुमात्रातल्या टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुनी?

दरडीवर जाळी ठोकून सिमेंट फवारलं की ही सगळी नोंद झाकली जाते. असा थर दिसला तर एकही दगड न हलवता, मापासाठी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा.