गावचा प्रश्न घेऊन परदेशात पीएच.डी.

 

आज राज्यशास्त्रात बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलींशी बोलायचं आहे, आणि त्यांच्या आयांशीही. राज्यशास्त्र घेतलं की पुढे स्पर्धा परीक्षा, नाही तर बी.एड., एवढेच रस्ते आपल्याकडे माहीत असतात. तिसराही रस्ता आहे. परदेशी विद्यापीठात पीएच.डी. करायची, आणि तीही घरचे पैसे न घालता. रस्ता लांब आहे, पण तो चालायचा कसा ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. एम.बी.ए. किंवा एम.एस.साठी लाखोंचं कर्ज काढावं लागतं, म्हणून पीएच.डी.लाही लागेल असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या बऱ्याच चांगल्या विद्यापीठांत उलटं असतं. पीएच.डी.साठी निवड झाली की फी माफ होते, दरमहा खर्चाला पैसे मिळतात, आरोग्य विमा असतो आणि त्याबदल्यात काही तास शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करायचं असतं. मुदत साधारण पाच-सहा वर्षांची. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांत पदवी होते, पण तिथे प्रवेश वेगळा आणि पैसे वेगळे. प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असं नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत पीएच.डी.ला शिकवणी फी नसते आणि पुष्कळदा पगारी जागाच निघतात.

मग निवड कशावर होते? टक्के बघतात, इंग्रजीची परीक्षा बघतात. पण खरं वजन असतं तुमच्या प्रश्नाला. तुम्हाला काय शोधून काढायचं आहे, हे ते विचारतात.

‘ग्रामपंचायतीतील महिलांचा सहभाग’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. आता आपल्या राज्यात काय घडलं ते बघा. २०१७ साली सरपंच थेट लोकांमधून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये ते रद्द होऊन सदस्यांनी सरपंच निवडायची जुनी पद्धत आली. २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली. म्हणजे काही बायका गावाच्या मतांनी सरपंच झाल्या, काही सदस्यांच्या मतांनी. मग यातली कोणती सरपंचबाई सदस्यांच्या विरोधातही आपलं काम रेटू शकते? पाण्याची योजना कुणाच्या काळात पुढे सरकते? हा झाला प्रश्न. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला पाण्याचं मोल कुणी शिकवायला नको.

असा प्रश्न परदेशात कोण विचारात घेणार, असं वाटेल. तर ऐका. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या महिला सरपंचांवर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जिथे पद बाईसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झाल्याचं त्यांना दिसलं. तो अभ्यास आज जगभर शिकवला जातो. डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आरक्षणाची सोडत, ग्रामसभा, अविश्वास ठराव हे आपण दारात बसून बघतो. ते बघितलेलं नीट मांडता आलं, तर ती तुमची जमेची बाजू आहे.

आता कागदांचं बघू. अमेरिकेसाठी साधारण पाच गोष्टी लागतात: उद्देशपत्र, तीन शिफारसपत्रं, इंग्रजीत लिहिलेला एखादा अभ्यासपूर्ण लेख, सगळ्या गुणपत्रिका आणि टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण. जीआरई परीक्षा काही ठिकाणी मागतात, काही ठिकाणी आता मागत नाहीत. इंग्लंडसाठी संशोधनाचा आराखडा लिहावा लागतो, आणि आपल्या विषयातल्या प्राध्यापकांना आधी ईमेल करून विचारलेलं बरं.

उद्देशपत्रात घरच्या गरिबीचं वर्णन करत बसू नका. प्रश्न काय, तो कसा शोधणार आणि त्याच विद्यापीठात कुणाच्या हाताखाली, हे लिहा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना निदान दोन महिने आधी सांगा. ‘मुलगी हुशार व कष्टाळू आहे’ एवढ्यावर भागत नाही. तुम्ही कोणता निबंध लिहिला, काय वेगळं मांडलं, हे त्यांना लिहिता यावं म्हणून तो निबंध त्यांच्या हातात द्या. लेख मात्र एका रात्रीत होत नाही. एम.ए.चा लघुप्रबंध मन लावून केला असेल, तर त्यातूनच तो तयार होतो. आपली बी.ए. तीन वर्षांची असल्याने काही विद्यापीठं अडतात. एम.ए. झालेलं असेल तर ती अडचण बहुतेक सुटते.

बायकांसाठी एक खास गोष्ट. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पासपोर्टवर तिसरंच, असं झालं की प्रत्येक खिडकीवर अडवणूक होते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्ट गुणपत्रिकेवरच्या नावाने काढा, जन्मतारीख सगळीकडे एकच ठेवा.

वेळेचं गणित असं. अमेरिकेतले अर्ज बहुतेक डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत घेतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात, होकार पुष्कळ ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. म्हणून आदल्या उन्हाळ्यातच तयारीला लागायचं. अर्जाची फी एका विद्यापीठाला शंभर डॉलरच्या आसपास जाऊ शकते. काही ठिकाणी ती माफ होते, पण आपण होऊन मागावी लागते.

शिष्यवृत्त्यांबद्दल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागास, मराठा आणि खुल्या गटासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, वय, उत्पन्न यांच्या अटी असतात आणि त्या बदलतात, म्हणून त्या वर्षाची जाहिरात वाचा. जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. पण २०२२ च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. म्हणजे वर सांगितलेला सरपंचबाईंचा प्रश्न त्या पैशावर नेणं अवघड. तो प्रश्न घेऊन जायचं तर राज्याची योजना किंवा विद्यापीठाचाच पैसा बघावा लागेल. विषय ठरवायच्या आधी हे माहीत हवं.

पैसे किती वर्षांचे, हेही विचारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पुढे ते लंडनला शिकायला गेले, पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये पैसे जमवून ते पुन्हा लंडनला गेले आणि तिथली पदवी घेतली. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये हाती आली. तो प्रबंध राज्यशास्त्र विद्याशाखेला सादर केलेला होता आणि त्याचा विषय इथलाच होता, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा जमाखर्च.

आपल्या जिल्ह्यातही वाट दाखवणारे आहेत. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. त्यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन ही संस्था घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी मदत करते. मात्र ‘पाच लाख द्या, पीएच.डी.ला लावून देतो’ म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला हात जोडा. अर्ज विद्यापीठाच्या वेबसाइटवर आपला आपण भरायचा असतो.

आता आयांसाठी. पाच-सहा वर्षं म्हणजे लग्नाचं वय निघून जाईल, ही काळजी खोटी नाही. पण लग्न झालं म्हणून अर्ज करता येत नाही असं कुठेच नाही. अमेरिकेत विद्यार्थिनीच्या व्हिसावर नवरा आणि मुलं सोबत जाऊ शकतात, फक्त नवऱ्याला त्या व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. हे सोयरिकीच्या बैठकीतच स्पष्ट बोललेलं चांगलं. आणि पहिल्या वर्षी निवड झाली नाही, तर पोरीला ‘झालं ना तुझं’ म्हणू नका. दुसऱ्या वर्षी अर्ज करून निवड होणारेही पुष्कळ असतात.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून समाजाला जाब विचारला होता. तेव्हा पोरींनो, या आठवड्यात एवढंच करा: आपल्या गावच्या कारभारातला तुम्हाला छळणारा एक प्रश्न वहीत लिहा आणि कॉलेजातल्या मॅडमना दाखवा. अर्जाची सुरुवात तिथूनच होते.