दोन मीटर जमिनीचा हिशेब

हवामानाच्या अंदाजावर लिही, असं संपादक म्हणाले तेव्हा डोळ्यांपुढे ढग, वारे आणि एल निनो होते. गुंतून पडलो मात्र मातीत.

पुण्यात पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 1962 सालची. मान्सून मिशनमध्ये तिने घेतलेलं सीएफएस हे अंदाजाचं मॉडेल मूळ अमेरिकेचं, आणि त्यातली जमीन सांभाळतो तो 'नोआ' नावाचा भाग. त्याच्या लेखी जमीन दोन मीटर खोल, चार थरांची: 10, 30, 60 आणि 100 सेंटीमीटर. पावसातलं किती मुरलं, किती वाहून गेलं, मुळांनी किती ओढून पानांवाटे हवेत सोडलं, हे तो सतत मांडत राहतो. माती ओली असेल तर बरंचसं ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. कोरडी असेल तर तेच ऊन हवा तापवतं. पुढचा ढग कुठे उठणार, हे या वाटणीवरही ठरतं. चार थरांत एवढं बसवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ओल मोजण्याची संस्थेच्या आवारातली युक्ती तर विलक्षण आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे मातीत आणि हवेत वेगवान न्यूट्रॉन तयार होतात. पाण्यातला हायड्रोजन त्यांचा वेग मारतो. म्हणजे वेगवान न्यूट्रॉन कमी भरले, की माती ओली. जमीन न खणता शे-दोनशे मीटरच्या परिसराची ओल कळते.

नोआचा हा हिशेब शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीला लावला की धाकधूक होते. नगर रस्त्यालगत कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी, त्यांना खेटून ऊस, पलीकडे जिरायत. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. बांध ओलांडून नुकतंच पाणी दिलेल्या उसात शिरावं, तर पायाला गारवा लागतो. सीएफएसच्या सुमारे 38 किलोमीटरच्या चौकोनाला मात्र एकच प्रमुख माती आणि एकच प्रमुख वनस्पती मिळते. 2025 मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या दुसऱ्या मॉडेलचा चौकोन 6 किलोमीटरचा, ही मोठी मजल आहे. तरी शेड आणि ऊस यांच्यात अंतर एका बांधाचं.

उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस सरळ त्यांतून खाली उतरतो. नोआ पाणी थराथराने मुरवतो. भेग त्याला ठाऊक नाही. सिंचनाचं तर त्याहून अवघड. मूळ नोआमध्ये आपल्याकडच्या रानाला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं. शिरूर तालुक्यात ते चासकमानच्या कालव्यातून, विहिरीतून, बोअरमधूनही येतं. मॉडेलला सिंचन जोडता येतं: माती ठरावीक पातळीखाली सुकली की पाणी द्यायचं. पण इथला शेतकरी पाणी देतो ते कालव्याचं आवर्तन सुटल्यावर, नाहीतर रात्री वीज आल्यावर. कुठल्या रानात कधी आणि किती पाणी गेलं, हे मॉडेलला कोण सांगणार?